शेळी कामाला लावायची कशी

नमस्कार, श्रोतेहो. दिवेलागणीची वेळ झालीय. शेरडं शेतातल्या आखाड्यावर आली असतील, करडं पाजून कोंडली असतील. आज बोलायचंय त्यांच्याचबद्दल, पण दुधाबद्दल नाही आणि मटणाबद्दल तर नाहीच. काटवन साफ करायला शेळी कशी वापरायची, हा आजचा विषय. धुऱ्यावरची बोराटी, नाल्याकाठची बाभूळ, पडीक रानातलं झुडूप. दरसाल आपण जेसीबीवाल्याला पैसे मोजतो आणि पुढच्या पावसाळ्यात तेच काटवन पुन्हा डोक्याएवढं उभं असतं.

अमेरिकेत गोल्फच्या काही मैदानांवर हे काम शेळ्यांकडून करून घेतात. गोल्फ तुम्ही टीव्हीवर बघितला असेल. अठरा खड्ड्यांचं मैदान म्हणजे शे-दीडशे एकर रान असतं. मधली हिरवळ यंत्रानं कापतात. कडेचा उतार, ओढ्याचा काठ, दगडधोंड्याची जागा, तिथं यंत्र चालत नाही आणि माणूस शिरला तर काट्यांनी फाटून निघतो. तिथं शेळ्या सोडतात. सोडतात म्हणालो, ते चुकलं. तिथं शेळ्या लावतात. किती जागेत, किती दिवस आणि बाहेर कधी काढायच्या, हे आधी ठरतं, मग शेळी आत जाते. हे आज मी दोन-तीनदा सांगणार आहे: शेळी सोडायची नाही, लावायची.

ठरवलं नाही तर काय होतं, त्याचा एक नामी किस्सा आहे. त्यात शेळी नाही, गुरं आहेत. पण ऐका.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात ऑगस्टा नॅशनल नावाचा गोल्फ क्लब आहे. दर एप्रिलमध्ये तिथं मास्टर्स स्पर्धा भरते. गोल्फवाल्यांची ती पंढरीच. बॉबी जोन्स हा त्या काळचा नावाजलेला खेळाडू आणि क्लिफर्ड रॉबर्ट्स हा पैशाच्या व्यवहारातला माणूस, या दोघांनी क्लब उभा केला. जागा कसली होती, तर जुनी रोपवाटिका. म्हणून तिथल्या प्रत्येक खड्ड्याला एकेका झाडाझुडपाचं नाव आहे. तेराव्याचं नाव अझेलिया. एप्रिलमध्ये ही झुडपं गुलाबी फुलांनी अशी लगडतात की खाली पानं दिसत नाहीत.

१९४२ साल. अमेरिका महायुद्धात उतरलेली. तरणी माणसं सैन्यात, पेट्रोल रेशनवर. क्लब बंद झाला. १९४३, ४४ आणि ४५ ही तीन वर्षं मास्टर्स भरलीच नाही. खेळ थांबला, पण गवत थोडंच थांबतंय? आणि गवत कुठलं म्हणाल, तर बर्म्युडा. म्हणजे आपली हरळी! जी खणता खणता आपल्या कमरेचे काटे ढिले होतात, तिची ही मंडळी हौसेनं लागवड करतात, तिला पाणी देतात, खत घालतात. असो. ज्याचं त्याचं नशीब.

तर एवढं गवत कापणार कोण? डोकं चाललं, की गुरं आणू. गवत आपोआप कापलं जाईल, गुरं फुकटात पोसली जातील, युद्धाच्या दिवसांत मांसाला मागणी आहे, चार पैसेही सुटतील. कागदावर हिशेब एकदम चोख. सुमारे दोनशे गुरं मैदानात सोडली. बघा, सोडली!

गुरांनी गवत खाल्लं. मग त्यांची नजर वळली अझेलियाकडे. मग कॅमेलियाच्या फुलझुडपांकडे. मग कोवळ्या झाडांच्या सालीकडे. वर्षानुवर्षं जपलेली झुडपं ओरबाडली गेली, झाडं सोलली गेली. तिकडे गवत पुरेना म्हणून चारा विकत घ्यावा लागला, आणि मांसाच्या भावाला सरकारनं वरून टोपण घातलेलं. सरकारनं भावाला हात लावला की काय होतं, हे आपल्या कांदेवाल्यांना मी सांगायला नको. गुरांचा धंदा तोट्यात गेला. तारलं कुणी? टर्की नावाच्या मोठ्या कोंबड्यांनी. क्लबनं चौदाशेच्या वर टर्की पाळल्या होत्या, त्यांतून काही सभासदांना नाताळला भेट दिल्या, बाकीच्या विकल्या आणि गुरांतला तोटा बराचसा भरून काढला. जोडधंद्याला कोंबडी ती कोंबडीच!

अजून संपलं नाही. १९४४ च्या शेवटी क्लब पुन्हा उघडायचा ठरला. गुरांनी खाल्लेलं, तुडवलेलं मैदान दुरुस्त करायला मजूर कुठून आणायचे? जवळच कॅम्प गॉर्डन ही लष्करी छावणी होती, तिथं जर्मन युद्धकैदी होते. त्यांतले बेचाळीस जण कामाला आणले. हे लोक रोमेल या जर्मन सेनापतीच्या आफ्रिकेतल्या सैन्यात होते, पूल बांधणाऱ्या तुकडीतले. वाळवंटात रणगाड्यांसाठी पूल टाकणारी माणसं ऑगस्टा क्लबवर येऊन मैदान नीट करत होती. जाता जाता त्यांनी तेराव्या खड्ड्याजवळच्या ओढ्यावर एक लाकडी पूलही बांधून दिला. म्हणजे गुरांनी जो अझेलिया चरला, त्याच्या शेजारीच रोमेलच्या माणसांचा पूल!

चुकलं कुठं? गुरं आणली हे चुकलं नाही. झुडपांभोवती कुंपण घातलं नाही, दिवस ठरवले नाहीत, आणि गवत संपल्यावर जनावर बाहेर काढलं नाही. तिथं गुरांऐवजी शेळ्या असत्या ना, तर युद्ध संपायच्या आत अझेलियाचे बुडखे शोधावे लागले असते.

आता कामाचं बोलू. वेळ थोडा आहे, म्हणून भराभर सांगतो.

शेळी कुठली, हा प्रश्न आपल्याकडे पडायला नको. उस्मानाबादी. धाराशिव, लातूर, तुळजापूर, उदगीर हा तिचा मुलूख. काळी, काटक, उन्हाला न हटणारी. लाखभर रुपये घालून परदेशी बोकड आणायचा आणि त्याला शेडमध्ये पंखा लावायचा, ही हौस ज्यांना परवडते त्यांनी करावी. काटवनात तो बोकड कामाचा नाही. शेळीचं तोंड निमुळतं असतं, वरचा ओठ बोटासारखा हलतो, म्हणून दोन काट्यांमधला पाला ती अलगद वेचते. मेंढीला हे जमत नाही, मेंढी गवताची. मागच्या पायांवर उभी राहिली की शेळीचं तोंड पाच फुटांपर्यंत पोचतं. त्याच्या वरची फांदी कोयत्यानं वाकवून द्या.

हिशेब असा करा. तीस किलोची शेळी दिवसाला तीनेक किलो हिरवा पाला खाते. पंचवीस शेळ्या म्हणजे रोजचा पाऊणशे किलो. आता काटवनात मीटरभर लांब, मीटरभर रुंद चौकोन आखा, त्यातला खाण्याजोगा पाला तोडून तोला. समजा चारशे ग्रॅम भरला. दहा गुंठे म्हणजे साधारण हजार चौरस मीटर, तेव्हा झाला चारशे किलो. भागिले पंचाहत्तर. पाच दिवस आणि वर थोडं. म्हणजे पाचव्या दिवशी संध्याकाळी शेळ्या बाहेर. पुन्हा सांगतो: पंचवीस शेळ्या, दहा गुंठे, पाच दिवस. तुमच्या काटवनाचा आकडा वेगळा येईल, म्हणून तोलल्याशिवाय धरू नका. जागा मोठी असेल तर दहा-दहा गुंठ्यांचे तुकडे पाडा. सगळं रान एकदम मोकळं दिलं तर शेळी आवडीचं तेवढं खाते आणि ज्याच्यासाठी आणली ते काटवन तसंच ठेवते.

पाचव्या दिवसाची वाट बघत बसायचंही नाही. रोज दुपारी खोडांवर नजर टाका. शेळीला पुढचे दात खालच्याच जबड्यात असतात, त्यामुळे ती साल खालून वर ओढते. खोडावर पांढरा ओलसर पट्टा दिसतो, वरच्या टोकाला सालीचे धागे लोंबत असतात. असा एक पट्टा दिसला की पाला संपला म्हणून समजा. बोराटीची साल गेली तर गेली, पण शेजारी तुमचा कडुनिंब किंवा आंबा असेल तर त्याच तासाला शेळ्या हलवा. खोडाची साल चहूबाजूंनी सोलली गेली तर झाड वाळतंच.

कुंपणाला सौर झटका मशीन चालतं, रानडुकरांसाठी बऱ्याच जणांनी घेतलंच आहे. शेळीसाठी पाच तारा लागतात. जमिनीपासून सहा, बारा, अठरा, सत्तावीस आणि छत्तीस इंचांवर. खालची तार वर गेली की करडू खालून पसार. आपल्याकडे गडबड होते ती अर्थिंगची. कोरड्या मुरमात झटका बसत नाही, कारण जमिनीतून वीज परतच येत नाही. पाच-सहा फुटी तीन सळया दहा-दहा फुटांवर पुरून एकमेकींना जोडा आणि उन्हाळ्यात बुडाशी रोज घागरभर पाणी ओता. तरी भागलं नाही तर एकाआड एक तार अर्थिंगला जोडा. मीटरवर चार हजार व्होल्टच्या वर दिसलं पाहिजे. गवत तारेला टेकलं की तेही उतरतं. आणि घरची लाईट थेट तारेत सोडायची नाही. कधीच नाही. दरसाल माणसं मरतात त्यानं. नव्या शेळ्यांना आधी दोन दिवस लहान वाड्यात झटक्याची ओळख करून द्या. रात्री मात्र शेळ्या आखाड्यावरच. लांडगा आणि गावची मोकाट कुत्री तारेला विचारत नाहीत.

आत काय उगवलंय, ते शेळीच्या आधी तुम्ही फिरून बघा. कण्हेर असेल तर ती तोडून लांब टाका, ओंजळभर पाल्यानंही शेळी दगावते. टणटणी उपाशी शेळी खाते आणि मग तिला कावीळ होते, उन्हात कातडं सोलवटतं. नाल्याकाठची बेशरम सगळ्यात फसवी. आठ-पंधरा दिवस काही दिसत नाही, मग शेळी झोकांड्या खायला लागते, आणि एकदा चव लागली की पुन्हा तिथंच धावते. शेजारी ज्वारी काढलेलं वावर असेल तर खोडव्याच्या कोवळ्या फुटव्यांना किराळ लागते, म्हणजे ते विषारी होतात, हे तुम्हाला माहीतच आहे. म्हणून शेळी सकाळी उपाशी आत घालू नका. घरची थोडी वैरण, पाणी आणि दव वाळल्यावर आत. तणनाशक मारलेल्या धुऱ्यावर तर न्यायचीच नाही. तसाही धुऱ्यावर तणनाशक मारायचा हा नाद वाईटच, गावातली बोरं त्यानंच गेली. आमच्या पोरांना बोर म्हटलं की बाजारातलं ॲपल बोर आठवतं.

एका चरणीनं झुडूप मरत नाही, हेही पक्कं ध्यानात ठेवा. मुळात साठा असतो, त्यावर ते फुटतं. फूट वीत-दीड वीत झाली की शेळ्या पुन्हा आत. जुलैअखेर एकदा, सप्टेंबरात दुसऱ्यांदा, दिवाळीनंतर तिसऱ्यांदा, असं दोन-तीन वर्षं. पहिल्या चरणीनंतर खोडं उघडी पडतात, तेव्हा अंगठ्याहून जाड ती कोयत्यानं बुडातून काढा. पाला नसल्यानं मजुराला काटा आणि साप दोन्ही दिसतात, काम निम्म्या वेळात उरकतं.

अमेरिकेतच ओरेगॉनच्या किनाऱ्यावर बँडन म्हणून गाव आहे. तिथं एकोणिसाव्या शतकात आयर्लंडहून आलेल्या एकानं गॉर्स नावाचं काटेरी झुडूप गावाकडची आठवण म्हणून लावलं. ते माजलं. त्याच्यात तेल असतं, १९३६ च्या सप्टेंबरात वणवा आला आणि जवळजवळ सगळं गाव जळालं. आज तिथल्या बँडन ड्यून्स गोल्फ मैदानांवर तेच गॉर्स खायला शेळ्या लावल्यात. पण त्याचं बी मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतं, म्हणून काम संपत नाही.

आपलं गॉर्स म्हणजे वेडी बाभूळ. तिचा पाला शेळी नाखुशीनं खाते, शेंगा मात्र आवडीनं. आणि तिथंच घात आहे. बी पोटातून धडधाकट बाहेर पडतं आणि लेंडीसकट पेरलं जातं. शेंगा पिवळ्या पडायला लागल्या की त्या रानात शेळी बंद. महिनोन्महिने नुसत्या शेंगांवर राहिलेल्या शेळीचा जबडा लोंबतो, लाळ गळते, ते वेगळंच. तेव्हा वेडी बाभूळ कोयत्यानं बुडातून काढायची आणि शेळी लावायची ती नव्या कोवळ्या फुटीवर.

बागेचं विचाराल तर मोसंबी आणि आंबा यांच्यात शेळी नको. जालन्याकडच्या मोसंबीवाल्यांनी तर विचारसुद्धा करू नये, मोसंबीचा पाला तिला पेढ्यासारखा. सीताफळाच्या बागेत मात्र बिनघोर लावा. बीड, धाराशिवच्या डोंगरात सीताफळ टिकलं ते शेळी त्याच्या पाल्याला तोंड लावत नाही म्हणूनच. ती खालचं तण आणि झुडूप खाते, झाड राहतं. फक्त फळ पिकायच्या आधी बाहेर काढा आणि पहिल्या वर्षीच्या रोपांना काट्यांचं कुंपण करा.

पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस आणि जंतनाशक द्या, पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या प्लेगची, लस झाली नसेल तर तीही. उन्हाळ्यात शेळीमागं पाच-सहा लिटर पाणी कुंपणाच्या आत ठेवा.

आणि एका रानातून दुसऱ्या रानात जाताना मध्ये तीन ते पाच दिवस शेळ्या वाड्यात बांधून घरची वैरण द्या, म्हणजे पोटातलं बी तिथंच पडेल. ती लेंडी तशीच वावरात पसरू नका. खड्ड्यात टाका, ओली करा, वर माती झाका, तीन-चार महिने तापून कुजू द्या. नाहीतर जूनमध्ये कपाशीच्या तासात वेडी बाभळीची रोपं मोजत बसाल. नमस्कार.