बॉक्स्टरचा न फिरणारा पंखा

न फिरणाऱ्या एका पंख्याच्या दुरुस्तीचा हा व्हिडिओ आहे. पडद्यावर दिसणारी गाडी पोर्शे बॉक्स्टरच्या पहिल्या, म्हणजे ९८६ या पिढीतील असून तिचे इंजिन दोन आसनांच्या पाठीमागे आणि मागच्या चाकांच्या पुढे बसवलेले आहे. पुढचे झाकण उघडले की डिकी दिसते आणि मागचे उघडले तरी डिकीच दिसते. तेल आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) भरण्याची तोंडे तेवढी मालकाच्या वाट्याला ठेवलेली आहेत. इंजिन मात्र कोठेच दिसत नाही.

पोर्शेच्या ९११ या गाडीचे सहा सिलिंडरचे इंजिन १९९८ पर्यंत हवेने थंड होत असे. पट्ट्यावर फिरणारा त्याचा मोठा पंखा मागचे झाकण उघडताच नजरेस पडायचा, आणि पट्टा तुटला तर गाडी तिथेच थांबवावी लागायची. जानेवारी १९९३ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात बॉक्स्टरचे संकल्परूप मांडले गेले. १९९६ मध्ये जी गाडी प्रत्यक्षात आली, तिच्यात २.५ लिटरचे, २०४ अश्वशक्तीचे आणि पाण्याने थंड होणारे इंजिन होते. रेडिएटर नाकाशी, इंजिन मागे आणि त्या दोहोंमध्ये गाडीच्या तळातून धावणारे कूलंटचे पाइप, अशी ही मांडणी आहे.

इंजिनातले पाणी थंड करणे हे एक काम झाले; इंजिनाभोवती कोंडणारी हवा हलती ठेवणे हे त्याहून वेगळे काम आहे. दारांमागे जे दोन झरोके दिसतात, त्यांपैकी डावा एअर फिल्टरला हवा पुरवतो आणि उजव्याच्या आत विजेवर चालणारा एक पंखा दडलेला असतो. रेडिएटरच्या पंख्यांशी त्याची नेहमी गल्लत केली जाते. धावून आलेली गाडी थांबवून इंजिन बंद केले की कूलंटचे अभिसरण थांबते, अंगावरून जाणारा वाराही थांबतो आणि तापलेल्या धातूतील उष्णता त्या बंद पोकळीत पसरू लागते. तिथल्या सेन्सरने तापमान वाढल्याचे कळवले की इंजिनाचा कंट्रोल युनिट, म्हणजे त्याचा छोटा संगणक, रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) ओढतो आणि पंखा सुरू होतो. किल्ली काढल्यानंतरही तो अचानक फिरू शकतो, म्हणून मेकॅनिकचे हात पात्यांपासून दूर आहेत.

आता इंजिनापर्यंत पोहोचण्याची खटपट पाहावी. कापडी छप्पर पूर्ण न उघडता अर्ध्यावर थांबवायचे, त्याची मागची कड सोडवून वर उचलायची, खालचा गालिचा गुंडाळायचा आणि मग धातूचे झाकण काढायचे, एवढे सोपस्कार केल्यानंतर इंजिनाचा माथा पहिल्यांदा दिसतो. ज्या गाडीचे इंजिन पाहण्यासाठीच इतका वेळ लागतो, तिच्यात अंदाजाने सुटे भाग बदलत बसणे महाग पडते, आणि या गाडीच्या बाबतीत नेमके तेच झालेले आहे. पंखा फिरत नाही म्हणून एका गॅरेजने नवा पंखा बसवला होता; तोही फिरला नाही. जुना पंखा मालकाने टाकून दिला नाही, हे बरे झाले. मेकॅनिकने दोन्ही पंखे शेजारी ठेवून, मध्ये फ्यूज घालून, आळीपाळीने थेट बॅटरीला जोडले. दोन्ही फिरले.

दोष पंख्यात नाही, तर तो पंख्यापर्यंतच्या वाटेवर असला पाहिजे. फ्यूज शाबूत आहे. रिले काढून त्याच्या खाचेतील ३० आणि ८७ या क्रमांकांची टोके फ्यूज असलेल्या वायरने जोडली, म्हणजे सेन्सर आणि कंट्रोल युनिट या दोघांनाही बाजूला ठेवून वीज सरळ पंख्याकडे सोडली. पंखा हलला नाही. त्याचा कनेक्टर काढून तिथे व्होल्टेज मोजणारा मल्टीमीटर लावला, तर आकडा आला १२.४ व्होल्ट. बहुतेक तपासण्या इथेच चुकतात. मीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. त्यामुळे वायरचा एकच तंतू शिल्लक असला तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. म्हणून मेकॅनिकने कनेक्टरला इंडिकेटरचा २१ वॉटचा साधा बल्ब जोडला. बल्ब पिवळट, मंद लागला आणि त्याच क्षणी मीटरचा आकडा ७ व्होल्टवर उतरला. पंखा बल्बपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह मागतो, तेव्हा त्याच्या वाट्याला याहूनही कमी व्होल्टेज येत असणार.

बल्ब तसाच लागलेला ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरी कनेक्टरच्या धन पिनेवर टेकवली, तेव्हा फरक ०.१ व्होल्टचा आला. ऋण बाजूला हाच फरक ५ व्होल्टच्या वर गेला. तेवढे व्होल्टेज अर्थिंगच्या, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्यातून वीज बॅटरीकडे परत नेणाऱ्या, वाटेतच खर्च होत होते. कॅमेरा जिथे थांबला आहे, तिथे अर्थिंगचा बोल्ट आहे: रिंग टर्मिनलवर, म्हणजे वायरच्या टोकाच्या कडीवर, हिरवट-पांढरा थर, त्याखाली गंज आणि इन्सुलेशनच्या आत काळे पडलेले तांबे. वायर निरोगी तांबे दिसेपर्यंत कापली, नवे टर्मिनल दाबून बसवले, चेसिसचा तळ घासून उघडा केला, नवा बोल्ट आवळला आणि वरून ग्रीसचा हात दिला.

पंखा असाच बंद राहिला असता तर रबरी नळ्या आणि प्लास्टिकचे कनेक्टर उष्णतेने लवकर कडक होऊन तडकले असते.

सेन्सरही तपासला पाहिजे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत कूलंट, आत येणारी हवा आणि इंजिनाभोवतालची पोकळी या तिन्ही ठिकाणचे तापमान जवळपास सारखे असते, आणि सकाळी कंट्रोल युनिटमधली माहिती वाचणाऱ्या स्कॅनरवर तिन्ही आकडे खरोखरच जुळले. त्यानंतर रिले जागेवर बसवून सेन्सरवर हेअर ड्रायरचा झोत धरला. स्कॅनरवरचे तापमान चढत गेले, रिलेचा टिक् असा आवाज आला आणि उजव्या झरोक्याआडचा पंखा घुमू लागला. या दुरुस्तीला लागलेले नवे साहित्य म्हणजे एक रिंग टर्मिनल आणि एक बोल्ट.