संताच्या पायाशी डुक्कर

17 जानेवारी, माद्रिद. ओर्तालेथा रस्त्यावरच्या सान आन्तोन चर्चला वळसा घालून ही रांग गेली आहे. कुत्री स्वेटर घालून आलीत, मांजरं पिंजऱ्यात, कुणाच्या कोटात ससा, कुणाच्या तळहातावर कासव. फादर एकेकावर पवित्र पाणी शिंपडतात. कानावर थेंब पडला की कुत्रं अंग झटकतं, आणि मालकीणही भिजते.

आज मठाधिपती संत अंतोनींचा, म्हणजेच जनावरांचे राखणदार मानल्या जाणाऱ्या सान आन्तोनचा सण. आपल्याकडे चर्चमध्ये बाळ येशूला कडेवर घेतलेले दिसतात ते पदुआचे संत अंतोनी. हे त्यांच्या जवळजवळ नऊशे वर्षं आधीचे, इजिप्तच्या वाळवंटात तप केलेले, 356 साली वारलेले. त्यांच्या मूर्तीच्या पायाशी बघा. डुक्कर आहे. गळ्यात घंटा.

या घंटेची गोष्ट फ्रान्समधली. अकराव्या शतकाच्या अखेरीस तिथं अंतोनींच्या नावानं रुग्णसेवा करणारा संघ उभा राहिला. बुरशी लागलेल्या राय धान्याची भाकरी खाऊन लोकांचे हातपाय काळे पडून झडायचे. अंगाची नुसती आग. त्या रोगालाच ‘संत अंतोनींचा अग्नी’ म्हणत. संघाचे बंधू या रोग्यांना ठेवून घेत, जखमांना डुकराची चरबी लावत. म्हणून त्यांच्या डुकरांना गावात मोकळं फिरायची मुभा होती. घंटा वाजली की लोक ओळखत, हे इस्पितळाचं. आणि उष्टं-खरकटं पुढे टाकत. माणसांवर उपचार व्हायचे ते या जनावराच्या जिवावर. हे ऋण मूर्तिकार विसरले नाहीत, आपण विसरलो.

बायबल तर त्याहून पुढे जातं. योनाच्या पुस्तकात निनवे शहर पश्चात्ताप करतं, तेव्हा गुराढोरांनाही उपास असतो, त्यांच्याही अंगावर गोणपाट चढतं. पुस्तक संपतं देवाच्या प्रश्नावर: एवढी माणसं असलेल्या या शहराची मी कीव करू नये काय? आणि त्या प्रश्नात अगदी शेवटी येतात ती गुरंढोरं.

2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या पत्रात स्पष्ट लिहिलं, की इतर जीवांवर माणसाला निरंकुश सत्ता दिलेली नाही. कत्तलखाने चालूच आहेत.

संताच्या पायाशी बसलेल्याचे भाईबंद या रांगेत शोधावे लागतात.

आता या म्हाताऱ्या कुत्र्याची पाळी. मागचे पाय गेलेत, मालकानं उचलून धरलंय. फादर पाणी शिंपडत नाहीत. ओला हात त्याच्या डोक्यावर ठेवतात.