छपरावरचा बर्फ आणि जमिनीवरची माणसं

[दृश्य: पहाट. बर्फाखाली बुडालेलं उतरतं छप्पर. पॅनल कुठे संपतात, छप्पर कुठे सुरू होतं, काही कळत नाही.]

रात्रभर बर्फ पडत होता. पहाटे थांबला, आणि आता आभाळ इतकं निळं झालंय की डोळे दिपतात.

सोलर पॅनलला अशी सकाळ फार मानवते. पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. सिलिकॉनच्या पॅनलची ताकद 25 अंश सेल्सिअसला मोजतात. तिथून पारा एकेक अंश खाली आला की वीज साधारण 0.3 ते 0.4 टक्क्यांनी वाढत जाते. पॅनल शून्य अंशावर असेल, तर तेवढ्याच उन्हात ते 7 ते 10 टक्के जास्त वीज देतं. शिवाय ताज्या बर्फावर पडलेला बहुतेक उजेड परत वर फेकला जातो.

आणि आज, नेमक्या याच सकाळी, इन्व्हर्टरच्या, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या पेटीच्या, पडद्यावर आकडा आहे शून्य.

[दृश्य: इन्व्हर्टरचा पडदा. मग अंगणातून छपराकडे बघणारा चेहरा.]

आता घरात कुणीतरी शिडी शोधायला लागतं. हा माहितीपट आम्ही त्या माणसासाठी केलाय. शिडी जिथे आहे तिथेच राहू द्या, एवढी कळकळीची विनंती आहे. का, ते पुढे बघू.

बर्फामुळे वीज बुडते तरी किती? कॅनडातल्या एडमंटन शहरात, नॉर्दर्न अल्बर्टा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेनं हे प्रत्यक्ष मोजलं. छपरावर सहा वेगवेगळ्या कोनांत पॅनल जोडीजोडीनं बसवले. जोडीतल्या एकावरचा बर्फ झाडायचा, दुसऱ्याला हात लावायचा नाही. असं काही वर्षं चाललं. हिवाळा इतका कडक, तरी वर्षाच्या एकूण विजेतला तोटा 5 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरला. पॅनल जितकं उभं, तितका तोटा कमी.

कारण सरळ आहे. जिथे बर्फ खूप पडतो, तिथे बहुधा हिवाळ्यातला दिवसही तोकडा असतो आणि सूर्य क्षितिजालगत फिरतो. वर्षभराच्या विजेत त्या महिन्यांचा वाटाच मुळात लहान. बर्फ त्या लहान वाट्यातला एक तुकडा नेतो. तेवढ्यासाठी निसरड्या छपरावर पाय ठेवायचा का?

एक अपवाद मात्र मनापासून मान्य करायला हवा. ज्या घराला बाहेरून वीजच येत नाही, सगळी भिस्त बॅटरीवर, त्या घरात चार ढगाळ दिवसांनंतर आलेलं ऊन वाया घालवणं परवडत नाही. तिथे बर्फ काढावाच लागतो. अशा घरांनी पॅनल पहिल्यापासूनच उभट कोनात आणि जमिनीवरून हात पोचेल असे लावून घेतले, तर पुढचे सगळे हिवाळे सुखाचे जातात.

[दृश्य: अगदी जवळून. पॅनलची खालची कड. काचेवरून पाण्याचा एक थेंब घरंगळतो, चौकटीशी येऊन थांबतो.]

इथे जरा थांबू या. खरी गोष्ट इथे घडते.

बर्फ दिसतो पांढरा, पण भिंतीसारखा बंद नसतो. थर पातळ असेल तर त्यातून थोडा उजेड झिरपतो. खाली काळं पॅनल असतं. ते तो उजेड पितं आणि किंचित कोमट होतं. काचेला टेकलेला बर्फाचा अगदी खालचा पापुद्रा वितळतो, पाण्याची एक झिरझिरीत पट्टी तयार होते आणि तिच्यावरून वरचा अख्खा थर घसरू लागतो. कुठे वीतभर काच उघडी पडली की काम आणखी सोपं होतं. उघडी काच तापते आणि शेजारचा बर्फ सैल करत जाते.

पण घसरलेला बर्फ खाली येऊन अडतो तो या चौकटीशी. ॲल्युमिनियमची ही कड काचेपेक्षा जेमतेम उंच असते, पण तेवढी पुरते. संध्याकाळी पारा उतरला की अडलेलं पाणी गोठतं आणि तळाशी बोटभर जाडीची बर्फाची पट्टी बसते. वरची काच स्वच्छ, तरीही वीज कमी, अशी तक्रार येते ती बहुतेक वेळा या पट्टीमुळे.

ते कसं? पॅनलमधले सेल, म्हणजे वीज बनवणारे छोटे तुकडे, माळेतल्या मण्यांसारखे एकामागोमाग जोडलेले असतात. एक मणी अंधारात गेला की त्याची अख्खी माळ अडते. म्हणून साधारणपणे एका पॅनलमध्ये तीन माळा करतात आणि प्रत्येकीला एक बायपास डायोड देतात, म्हणजे अडलेली माळ वगळून वीज पुढे जाते. पॅनलची लांब बाजू उताराच्या दिशेनं वरखाली असेल, म्हणजे ते उभं लावलेलं असेल, तर तळाची पट्टी तिन्ही माळांच्या टोकांवर एकदम बसते. आडवं लावलेलं असेल, तर एकच माळ जाते, दोन चालू राहतात. सेल अर्धे कापून बनवलेली नवी पॅनल अशी उभी लावली तरी त्यांचा वरचा अर्धा भाग काम करत राहतो. बर्फाच्या प्रदेशात पॅनल बसवताना हा प्रश्न आधीच विचारून घ्यावा, असं आम्हाला फार वाटतं. एकदा बसवल्यावर कोण काढून फिरवतो?

[दृश्य: अंगणात उभी एक बाई. हातात लांब दांडा, टोकाला फोमची रुंद पट्टी.]

हे अवजार बघा. फरशीवरचं पाणी ओढायच्या वायपरचा थोरला भाऊच म्हणा. दांडा तुकड्यातुकड्यांनी लांब होतो, टोकाला मऊ फोम किंवा रबर. दोन्ही पाय जमिनीवर. ती पॅनलच्या बरोबर खाली उभी नाही, बाजूला उभी आहे. दांडा उचलण्याआधी तिनं वर विजेची तार नाही ना, हे पाहून घेतलंय. दांडा बहुतेकदा धातूचा असतो.

आधी ती फक्त खालची कड मोकळी करते. मग हळूहळू वर. काच लख्ख करायच्या मागे ती लागत नाही. पातळ थर तसाच ठेवते, तो उन्हाचं काम आहे.

भुसभुशीत बर्फ असा निघतो. काचेला चिकटून गोठलेला बर्फ निघत नाही, आणि तो खरवडायचा नसतो. काचेवर परावर्तन कमी करणारा नाजूक लेप असतो, त्यावर ओरखडे उठतात. काचेखालचे सेल तर 0.2 मिलिमीटरहूनही पातळ. फावड्याचा एक ठोसा, किंवा पॅनलवर टेकलेला गुडघा, आणि सेलला केसासारखी चीर जाते. काच शाबूत असते, डोळ्यांना काही दिसत नाही. अंधारात सेलमधून बाहेरून प्रवाह सोडून खास कॅमेऱ्यानं फोटो काढला की ती चीर काळी रेघ होऊन उमटते.

गरम पाणीही नको. गारठलेली काच एकदम तापली की तडकू शकते, आणि ओतलेलं पाणी तासाभरात पुन्हा बर्फ होऊन बसतं. बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ चौकट आणि जोडण्या खातं. इन्व्हर्टर बंद केला म्हणून पॅनल मेलेलं नसतं, हेही लक्षात असू द्या. उजेड पडला की ते वीज बनवतंच, आणि ओळीनं जोडलेल्या पॅनलांचा विजेचा दाब शेकडो व्होल्टचा असतो. फुटलेल्या पॅनलला ओल्या हातानं शिवू नका.

वजनाचं काय? ताजा बर्फ घनमीटरला 50 ते 100 किलो, ओला दबलेला 300 च्या वर. बर्फाच्या प्रदेशासाठीची बरीच पॅनल चौरस मीटरला सुमारे 550 किलोचा भार देऊन तपासलेली असतात. पॅनल तग धरतं. छपराचा हिशेब वेगळा. ते कुरकुरू लागलं, दारं अडकू लागली, तर आधी घराबाहेर पडा आणि जाणकाराला बोलवा.

[दृश्य: दुपार. एक मंद घसर. मग धप्प! अख्खा थर एकदम खाली.]

काचेवरून बर्फ असाच सुटतो, न सांगता आणि सगळा एकदम. म्हणून पॅनलच्या खालच्या वळचणीला दार, पायवाट किंवा मुलांची खेळायची जागा असेल, तर छपराच्या कडेला बर्फ अडवणारे आडवे दांडे लावून घ्या. बर्फवृष्टीनंतरच्या पहिल्या उन्हात तिथून कुणाला जाऊ देऊ नका.

[दृश्य: अंगणात पडलेला बर्फाचा ढीग, आणि त्याच्यापासून दूर, बाजूला उभी ती बाई. इन्व्हर्टरचा पडदा: आकडा चढू लागतो.]