दुखापतींची वही

मंडळी, बडोद्यात उभं राहून दुखापतीवर बोलायचं म्हणजे जरा धाडसच. प्रोफेसर माणिकरावांनी इथे जुम्मादादा व्यायाममंदिर नावारूपाला आणलं, आणि हाडं बसवण्यातही त्यांचा हातखंडा होता. उपचाराची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. लिहून ठेवायची मात्र नाही, आणि मला बोलायचंय ते त्यावरच.

परवा एका आईने विचारलं, "सर, ज्युडो जास्त धोक्याचं की तायक्वांदो?" म्हटलं, ताई, हिशेब कशावर करायचा? समजा, एका स्पर्धेत १०० लढती झाल्या नि ८ मुलं जखमी झाली. लढतीत दोघं उतरतात, म्हणजे मुलं मॅटवर गेली २०० वेळा. दर हजारी ४० झाले. आता वर्षभराचा सराव घ्या. ३० मुलं, २५० दिवस, म्हणजे साडेसात हजार वेळा. त्यात ४५ दुखापती झाल्या तरी दर हजारी ६च. दर स्पर्धेचा मोठा, पण लंगडत घरी जाणारी पोरं सरावातली जास्त! "आमच्या क्लासमध्ये कुणाला काही होत नाही" असं कुणी छातीठोक सांगितलं की मी एवढंच विचारतो, मोजलंय का?

बाकी प्रत्येक खेळाचं दुखणं वेगळं. ज्युडोत खांदा नि गुडघा, तायक्वांदोत पाऊल, कारण लाथ जाऊन बसते समोरच्याच्या कोपरावर. नियमांचाही यात वाटा असतो. टोकियो ऑलिंपिकला तायक्वांदोत धडावरच्या साध्या लाथेला २ गुण होते, डोक्यावरच्या लाथेला ३. मग पोरं डोकंच शोधणार ना? उलट, १९८० साली जपानमध्ये ज्युडोच्या लढतीत एंदो नावाच्या खेळाडूने पायांची कात्री, म्हणजे कानी-बसामी, घातली आणि समोरच्या यामाशिताचा पाय मोडला. तो डाव पुढे स्पर्धांतून बादच झाला.

मला खरी भीती वाटते ती मेंदूला बसणाऱ्या हादऱ्याची. हेडगार्डने कातडी वाचते, हादरा थांबेलच असं नाही. आमची एक मुलगी लाथ लागल्यावर लगेच उठली, "काही नाही सर" म्हणाली. नाव विचारलं, बरोबर सांगितलं. मग सुटलेला पट्टा बांधायला गेली. रोज डोळे मिटून मारते ती गाठ, तीन वेळा चुकली. मी तिला तिथेच बसवलं. पुढे फायनल होती, वडील माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. चालायचंच. हादऱ्याची नुसती शंका आली तरी त्या दिवशी पुन्हा मॅटवर पाठवायचं नाही. आधी एक-दोन दिवस आराम, मग पायरीपायरीने सराव, आणि लढत डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.

त्यानंतर चपलांच्या मांडणीवर शंभर पानी वही ठेवली. तारीख, कोण, काय करताना, कुठे लागलं. पहिल्या महिन्यात ११ नोंदी झाल्या, त्यातल्या ४ पायाच्या करंगळीच्या, आणि चारही खिडकीकडच्या दोन मॅटमधल्या फटीत अडकून. त्या फटीवरून मी रोज ये-जा करत होतो.