खोक्यातली ऊब

(पडवी. थर्माकोलचं खोकं, आत पिवळा उजेड.)

हे खोकं मासळीचं, आता अंडी उबवायला घेतलेलं. बंदरावरून बर्फात बांगडे घेऊन आलं, धुऊन चार दिवस उन्हात पडलं, तरी झाकण उघडलं की वास येतोच. आत ४० वॅटचे दोन बल्ब, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, तापमान धरून ठेवणारा थर्मोस्टॅट आणि पाण्याची वाटी.

कोंबडी खुडूक झाली की अंडी बंद. २१ दिवस ती बसणार, मग पिल्लं सांभाळणार. दोन-अडीच महिने असेच जातात. म्हणून काकूंनी खोक्यात २४ गावरान अंडी ठेवली आणि त्याच दिवशी एक कोंबडी पाचांवर बसवली.

(अंड्यांवर शिसपेन्सिलीच्या खुणा.)

एका अंगाला फुली, दुसऱ्या अंगाला गोल. पेनानं नाही, कवचाला बारीक भोकं असतात, शाई आत उतरते. सकाळी फुली वर, दुपारी गोल, रात्री परत फुली. अंडं एकाच कुशीवर पडून राहिलं तर आतला जीव पापुद्र्याला चिकटतो. कोंबडी हे चोचीनं दिवसभर करते, तिला कुणी शिकवलेलं नाही. आपल्याला मात्र वही लागते: ३७.५ अंश, सकाळी किती, संध्याकाळी किती.

(अंधारी खोली. पुठ्ठ्याच्या भोकातून मोबाइलचा टॉर्च.)

सातवा दिवस. हे बघा. लाल शिरांचं जाळं, कोळ्यासारखं पसरलेलं, आणि मधला काळा ठिपका हलतोय. तो डोळा. हे दुसरं अंडं मात्र स्वच्छ पिवळं, म्हणजे वांझ. अशी पाच निघाली.

अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवायची नाहीत. पाण्याची दुसरी वाटी ठेवायची, आणि झाकणाला हात लावायचा नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड.

(कवचाजवळून. चीव-चीव.)

अंडं अजून अख्खं आहे, आवाज आतून येतोय. रुंद टोकाशी हवेची पोकळी असते, पिल्लानं तिच्यात चोच घातली आहे आणि पहिला श्वास घेतला आहे. चोचीच्या शेंड्यावर बारीक टोक दिसतंय? कवच फोडण्यापुरतंच ते असतं, नंतर गळून पडतं.

एक टवका उडाला. मग तासन्‌तास काही नाही. वाटतं, जरा मदत करावी. करू नका. आतल्या शिरांत अजून रक्त आहे, बलक पोटात ओढून घेणं चालू आहे. झाकण उघडलं तर ओल जाते आणि पापुद्रा सुकून पिल्लाला आवळतो.

आता ते आतल्या आत फिरत कवचाची टोपी कापतंय.

(ओलं पिल्लू. पंख्याच्या वाऱ्यात लव सुकते.)

पोटात बलक आहे, दोन दिवस दाणा नसला तरी चालतं.

विसाव्या रात्री लाईट गेली होती, खोकं गोधडीत गुंडाळलं. खोक्यातून १४ निघाली, पाच आतच राहिली. कोंबडीची पाचच्या पाच. निम्मे कोंबडे निघतील, आणि आषाढाच्या शेवटी गटारी आहे.

(रात्र. खुराडं. काकूंचा हात.)

दिवसा सोडली तर कोंबडी परकी पिल्लं टोचते. म्हणून रात्री, एकेक करून, पंखाखाली.

(सकाळ. अंगण.)

मागे १९.