‘पंप जरा चावतो’

श्रोतेहो, नमस्कार.

विद्युत निरीक्षक म्हणून माझी सगळी नोकरी गोव्यात झाली. दारात उभा राहिलो की लोक मीटर दाखवायचे. रीडिंग घ्यायला आलाय, असंच वाटायचं त्यांना. आमचं काम वेगळं. नवा ट्रान्सफॉर्मर, मोठा जनरेटर सुरू होण्याआधी तो तपासायचा. आणि विजेनं माणूस किंवा जनावर दगावलं, की का दगावलं त्याची चौकशी करायची. वीज कायदा 2003 चं कलम 161 त्यासाठीच आहे.

या चौकश्यांत एक वाक्य मी फार वेळा ऐकलं. ‘साहेब, तो आधीपासून जरा चावायचा.’ म्हणजे हात लावला की हलका झटका द्यायचा. कधी पंप, कधी फ्रीज, कधी गिझर.

फोंडा तालुक्यातल्या एका कुळागरातली, म्हणजे पोफळीच्या बागेतली, गोष्ट सांगतो. मार्च महिना होता. पाटाचं पाणी प्यायला गेलेली गाभण गाय पंपाला घासली आणि जागीच कोसळली. घरच्या काकी पोफळीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘दिवाळीपासून हाताला झिणझिण्या येत होत्या. मी लाकडी पाटावर उभी राहून बटण दाबायचे.’ पाच महिने त्या माउलीनं पाटावर उभं राहून पंप चालवला, आणि एकाही माणसाला ते धोक्याचं वाटलं नाही.

पंपाची अर्थिंगची तार, म्हणजे बिघाड झाला तर वीज जमिनीत नेणारी तार, जागेवर होती. ती जिथं जमिनीत जाते तिथं मी उकरलं. खाली जांभा दगड लागला म्हणून अर्थिंगची नळी दीड हातावरच कापून टाकलेली. मोजलं, तर रोध, म्हणजे जमिनीत जाताना विजेला होणारा अडथळा, 46 ओहम. आता हा हिशेब नीट ऐका. आपल्या घरात दाब असतो 230 व्होल्ट. त्याला 46 नं भागलं की 5 अँपिअर. पंपात बिघाड झाला तरी अर्थिंगमधून तेवढाच प्रवाह जाणार. एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच, होता 16 अँपिअरचा. तो कशाला पडेल? वीज तशीच पंपाच्या लोखंडी अंगावर उभी राहिली, हात लावणाऱ्याची वाट बघत.

जांभ्याची ही खोड गोव्यात सगळीकडे आहे. पावसात तो भिजलेला असतो, तेव्हा अर्थिंग मोजलं तर आकडा सुरेख येतो. एप्रिलमध्ये तोच खड्डा कोरडा ठणठणीत. म्हणून माझा आग्रह असायचा, मोजणी उन्हाळ्यात करा. ऑगस्टमधला दाखला कुणी पुढे केला की मी पुन्हा यंत्र लावायचो. त्यावरून वाद झाले. होऊ दे, म्हटलं.

पण अर्थिंग कितीही चांगलं केलं, तरी घरात आरसीसीबी हवाच. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून परत येतो की नाही, हे तो सतत बघत असतो. 30 मिलिअँपिअरची तफावत दिसली की क्षणात वीज तोडतो. एमसीबीला पडायला लागतो त्याच्या पाचशे पटींहून जास्त प्रवाह. एमसीबी वायरिंग वाचवतो. माणूस वाचवायला बसवलाय तो आरसीसीबी.

चतुर्थी जवळ आली की मला अजून काळजी लागते. गणपतीच्या वर फळं-फुलं बांधून टांगलेल्या माटोळीभोवती दिव्यांच्या माळा, त्यांचे टेपनं गुंडाळलेले जोड, खाली ओली जमीन आणि पोरांचे अनवाणी पाय. माळ लावण्याआधी ती वायर बोटभर बोटभर तपासा, स्विच बंद करून. आणि वादळात माडाचं झाप पडून तार तुटली, तर ती मेलेली आहे असं धरू नका. लांब राहा, दुसऱ्यांनाही अडवा, वीजखात्याला फोन करा.

पुढल्या वर्षी त्या वाटेनं जाताना मुद्दाम काकींकडे थांबलो. नळी खोलवर नवी घातली होती, पेटीत आरसीसीबी होता. त्याचं टेस्टचं बटण काकींनी माझ्यासमोर दाबलं. खटकन पंप थांबला. ‘दर संकष्टीला दाबते,’ म्हणाल्या, ‘म्हणजे महिना चुकत नाही.’