वाऱ्याने कोरलेली चंद्रकोर

श्रोतेहो, नमस्कार. शाळेच्या भूगोलात आपण 'बारखाण' हा शब्द पाठ केला होता. बारखाण म्हणजे चंद्रकोरीसारखी वाळूची टेकडी. तिचा आकार असा रेखीव का होतो, हे मात्र बहुतेकांचं तिथेच राहून गेलं. आज ते बघू.

सुरुवात एका कणापासून करू. वाळवंटातला नेहमीचा कण साधारण पाव मिलिमीटरचा असतो. ताशी 20 किलोमीटरच्या आसपास वारा सुटला की तो हलतो. पण तो हवेत तरंगत नाही, उड्या मारत जातो, आणि बहुतेक उड्या गुडघ्याच्याही खालीच राहतात. तरंगत जाते ती धूळ. खडकाळ जमिनीवर पडलेला कण फरशीवरच्या गोटीसारखा टणकन उसळतो. तोच वाळूवर पडला की त्याचा जोर जिरतो. म्हणून वाळू वाळूपाशीच थांबते आणि ढीग वाढत जातो.

ढिगाच्या वाऱ्याकडच्या अंगाला उतार सौम्य असतो, साधारण 10 ते 15 अंशांचा. त्यावरून चढताना वाऱ्याचा वेग वाढतो, त्यामुळे तो वाळू खरवडत माथ्यापर्यंत नेतो. माथा ओलांडला की वारा जमिनीपासून सुटतो आणि वाळू तिथेच, कड्याच्या जरा खाली पडते. तिथला उतार 34 अंशांच्या आसपास गेला की वाळू घसरते. जवळून पाहिलं तर आधी कड्याखाली छोटा खळगा पडतो, मग त्यातून जिभेसारखा ओघळ सावकाश पायथ्यापर्यंत उतरतो. टेकडी पुढे सरकते ती अशी, ओघळाओघळाने.

आता कोरीचं मर्म. समजा, माथ्यावरून दर मीटर रुंदीमागे वर्षाला 30 घनमीटर वाळू पलीकडे पडते. टेकडी तिथे 3 मीटर उंच असेल तर ती वर्षात 10 मीटर सरकेल. तेवढीच वाळू दीड मीटर उंचीवर पडली, तर 20 मीटर. मधला भाग उंच, म्हणून तो मागे रेंगाळतो. कडा बुटक्या, म्हणून त्या पुढे धावतात आणि त्यांचीच शिंगं होतात. शिंगांच्या टोकांना मात्र घसरता उतार नसतो, त्यामुळे वाळू तिथून निसटून जाते. टेकडी टिकायची तर तेवढी वाळू मागून मिळत राहायला हवी. साधारण मीटरभर उंचीच्या आतल्या ढिगाला वाळू अडवणारा उतारच धरता येत नाही, म्हणून तो विस्कटतो.

यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: वारा वर्षभर जवळजवळ एकाच दिशेचा, जमीन टणक आणि वाळू बेताची. वाळू मुबलक झाली की कोरी एकमेकींना चिकटतात आणि आडव्या रांगा तयार होतात.

आपल्या थरमध्ये जैसलमेरच्या पश्चिमेला अशा बारखाणी आहेत. नैऋत्येचा वारा एप्रिल ते जूनमध्ये तिथे जोरात असतो. पण थरमध्ये उलट्या कोरीही भरपूर आहेत आणि इथेच फसगत होते. त्यांच्या कडा झुडपांनी धरून ठेवलेल्या असतात आणि मधला भाग पुढे जातो. मग शिंगं वारा येतो त्या दिशेला तोंड करून राहतात. नुसती शिंगं पाहून वाऱ्याची दिशा सांगू नका, तीव्र उतार कुठल्या अंगाला आहे ते आधी बघा.

सरकती टेकडी रस्त्यावर येते तेव्हा पुढची वाळू उपसणं हे पहिलं सुचतं. पण मागून वाळू येतच राहते, त्यामुळे ते काम कधी संपत नाही. अडवायची ती वाऱ्याकडच्या उतारावर. जोधपूरच्या काझरी या संशोधन संस्थेची पद्धत अशी: खींप आणि सिणिया ही वाळवंटी झुडपं आणि बोर यांच्या फांद्या शेंडा खाली करून, वाऱ्याला आडव्या, साधारण 5 मीटर अंतराच्या ओळींत माथ्यापासून पायथ्यापर्यंत पुरायच्या. वारा दिशा बदलत असेल तर चौकटी करायच्या. हे काम पावसाळ्याआधी उरकायचं आणि पहिल्या चांगल्या पावसात चौकटींत रोपं आणि सेवण गवत लावायचं. कुंपणाविना लावलेल्या रोपांची मुळं वारा उघडी पाडतो, आणि उडत्या कणांच्या माऱ्याने पानं खरचटून जातात.